'काउंटडाऊन'च्या खुर्चीत बसण्याआधी

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कुणा मराठी माणसाने 'काउंटडाऊन' या अक्षरं-आकड्यांच्या टीव्ही स्पर्धेचा अर्ज भरायचं मनात आणलं असेल, तर त्याने तो भरावाच. २ नोव्हेंबर १९८२ रोजी चॅनल फोर ही वाहिनी सुरू झाली ती याच कार्यक्रमाने, आणि तो अजून चालू आहे. मी त्यात खेळले, जिंकले, आणि तेव्हापासून ओळखीच्या प्रत्येकाला हेच सांगत आले आहे. पाढ्यांवर वाढलेल्या माणसाला इथे खरोखर संधी आहे. का, ते पुढे येईलच.

दोन स्पर्धक, १५ फेऱ्या. १० फेऱ्यांत नऊ अक्षरांतून मोठ्यात मोठा इंग्रजी शब्द काढायचा, ४ फेऱ्यांत सहा आकडे वापरून तीन अंकी लक्ष्य गाठायचं, आणि शेवटी नऊ अक्षरी शब्दाचं कोडं, म्हणजे कनंड्रम. दरवेळी ३० सेकंद.

'माझं इंग्रजी तेवढं नाही' असं म्हणून बरेच जण इथेच थांबतात. पण या खेळाला मोठ्या शब्दसंग्रहापेक्षा अक्षरं उलटसुलट लावायची सवय जास्त लागते. आय-एन-जी किंवा आय-ई-आर दिसलं की ते शेवटाला ठेवा आणि उरलेल्या अक्षरांत शब्द शोधा. आर, ई, टी, ए, आय, एन, एस एवढी अक्षरं आली की रिटेन्स, नॅस्टिअर आणि रेटिनाज हे तिन्ही शब्द त्यात बसतात. असे संच रोज थोडे थोडे पाठ करावेत. 'ॲप्टरस' नावाच्या संकेतस्थळावर हाच खेळ घड्याळ लावून खेळता येतो. गंभीरपणे तयारी करणारे बहुतेक जण तिथे भेटतात.

विशेषनामं आणि जोडरेघेचे शब्द चालत नाहीत. अमेरिकी स्पेलिंगही चालत नाही, तेव्हा आयुष्यभर संगणकाच्या आज्ञांमध्ये 'यू'शिवाय कलर लिहिणाऱ्यांनी हे आधीच मनात पक्कं करावं. क्रियापदाला ई-आर लावून झालेलं नाम कोशात दिलेलं असेल तरच मिळतं. १९९२ पासून शब्दकोशाच्या कोपऱ्यात बसून शब्द तपासणाऱ्या सूझी डेंट नम्रपणे पण ठामपणे 'नाही' म्हणतात.

आता धोका कधी पत्करायचा ते. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही. ज्याने अक्षरं मागितली तो आपल्या शब्दाची लांबी आधी सांगतो, मग दुसरा. जितकी अक्षरं तितके गुण, नऊला मात्र १८. ज्याचा शब्द मोठा त्यालाच गुण, बरोबरी झाली तर दोघांना. समजा, तुमच्याकडे सात अक्षरांचा खात्रीचा शब्द आहे आणि आठ अक्षरांचा एक शंकेचा. समोरच्याने 'सात' म्हटलं, तर खात्रीच्या शब्दाने बरोबरी होते. शंकेचा शब्द ग्राह्य ठरला तर तुम्ही ८ ने पुढे, नाही ठरला तर ७ ने मागे. म्हणजे निम्मी खात्री असली तरी तो सांगणं योग्य. पण समोरच्याने 'सहा' म्हटलं असेल, तर खात्रीचा शब्द तुम्हाला ७ ची आघाडी देतोच. तिथे एका जादा गुणासाठी १३ गुणांचा फरक डावावर लागतो. नव्वद टक्क्यांहून जास्त खात्री नसेल तर गप्प सात सांगावं. दोन्ही शब्द कागदावर लिहून ठेवा आणि आधी समोरच्याचं ऐका.

आकड्यांची फेरी ही आपली. मोठे आकडे चारच: २५, ५०, ७५ आणि १००. लहान म्हणजे १ ते १०, प्रत्येकी दोन. लक्ष्य तीन अंकी. प्रत्येक आकडा एकदाच वापरायचा आणि मध्ये कुठेही अपूर्णांक येता कामा नये. नेमकं उत्तर आलं तर १० गुण, पाचच्या आत असाल तर ७, दहाच्या आत असाल तर ५. तेही जो लक्ष्याच्या जवळ असेल त्यालाच.

ज्यांच्याकडून लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी घोटून घेतली गेली, त्यांना २५, ५० आणि ७५ चे गुणाकार करावेच लागत नाहीत. नऊची पाऊणकी पावणेसात, म्हणून ७५ गुणिले ९ म्हणजे पावणेसातशे. अकराची सव्वाआठ, म्हणजे सव्वाआठशे. माझ्या आईने हे पाढे संध्याकाळी म्हणून घेतले तेव्हा ते कुठे उपयोगी पडतील याची कल्पना तिलाही नव्हती. लक्ष्य ६८३ असलं आणि समोर ७५, ९, ४, २ असले की पावणेसातशे आधी डोळ्यांपुढे येतात, मग ४ गुणिले २ मिळवले की काम झालं. सरावात एवढंच करा: लक्ष्य दिसताच त्याच्याजवळची पाव, अर्धी, पाऊण रक्कम कोणती, ते मनात म्हणा.

चारही मोठे आकडे मागण्याचं धाडस करणार असाल, तर १९९७ मधली एक फेरी नीट समजून घ्या. २५, ५०, ७५, १००, ३, ६ आणि लक्ष्य ९५२. स्पर्धकाने १०० मध्ये ६ मिळवले, ३ ने गुणून ३१८ केले, ७५ ने गुणून २३,८५० वर गेला, ५० वजा केले आणि २५ ने भागलं. उत्तर ९५२. ऐकताना अचाट वाटतं, पण आतली युक्ती साधी आहे: ७५ भागिले २५ म्हणजे ३ आणि ५० भागिले २५ म्हणजे २, म्हणून हे ३१८ गुणिले ३ वजा २ इतकंच आहे. २५ एकदाच वापरता येतो, म्हणून भागाकार शेवटाला ठेवायचा. ३ आणि ६ च्या जागी २ आणि ७ असते, तर याच वाटेने ६४० आणि ६४४ मिळाले असते. करून बघा.

निवडीची चाचणी छोटी असते. माझी फोनवर झाली, घड्याळ लावून काही अक्षरं आणि काही आकडे. चित्रीकरण सॅलफर्डच्या मीडियासिटीत होतं, मँचेस्टरच्या मध्यातून ट्रामने जाता येतं. एका दिवसात बरेच भाग उरकतात, म्हणून जिंकत राहायच्या तयारीने कपड्यांचे चार-पाच जोड न्या. बारीक रेघांचे आणि चौकडीचे नकोत. दोन सामन्यांमध्ये वेळ कमी असतो, पोटभर जेवण टाळा. रोख बक्षीस नाही, चहाची किटली मिळते, आणि ती माझ्या घरात दर्शनी जागी आहे.

सलग आठ सामने जिंकणाऱ्याला ऑक्टोचॅम्प म्हणतात; तो तिथे थांबतो आणि मालिकेअखेर बाद फेरीसाठी परत बोलावला जातो. ही फेरी आठ जणांची असते, आणि जिंकलेले सामने सारखे असले तर एकूण गुण पाहिले जातात. म्हणून ३० गुणांनी पुढे असलात तरी कनंड्रमचे १० गुण सोडू नका. मात्र उत्तर चुकलं तर दुसरी संधी नाही, उरलेला वेळ समोरच्याचा. तेव्हा पूर्ण शब्द दिसल्याशिवाय बझरला हात लावू नका.