ओहायोत गांजाच्या पिटिशनवर सह्या गोळा करताना

ओहायो राज्यात मतदारांना स्वतः सह्या जमवून कायदा मतपत्रिकेवर आणता येतो. 21 वर्षांवरच्या माणसाला गांजा बाळगायची, दुकानातून विकत घ्यायची आणि घरी 6 झाडं लावायची मुभा देणारा प्रस्ताव, मतपत्रिकेवरचं नाव ‘इश्यू 2’, असाच आला. 7 नोव्हेंबर 2023ला तो सुमारे 57 टक्के मतांनी मंजूर झाला. त्याच्या सह्यांसाठी मी कोलंबसच्या आसपास क्लिपबोर्ड घेऊन उभी राहिले, कारण कोपऱ्याकोपऱ्यावर दारूचं दुकान असलेल्या राज्यात एका पुडीसाठी सज्ञान माणसाने कोर्टाची पायरी चढावी हे मला पटत नाही. विकला जाणारा माल तपासलेला आणि लेबल लावलेला असावा, असंही मला वाटतं. पुढे कुठल्याही विषयाच्या पिटिशनसाठी तुम्ही इथे उभे राहणार असाल तर हे उपयोगी पडेल.

माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: घेतलेली सही तपासणीत टिकली पाहिजे. जुलै 2023मध्ये मोहिमेने 2 लाख 22 हजारांवर सह्या दिल्या. हव्या होत्या 1,24,046. तपासणी झाल्यावर 679 कमी पडल्या! म्हणजे जवळजवळ 1 लाख सह्या बाद. नियमाप्रमाणे 10 दिवसांची जादा मुदत मिळाली, त्यात साडेसहा हजार सह्या आणून भरल्या, म्हणून इश्यू 2 वाचला.

एवढ्या सह्या बाद का होतात? बहुतेक वेळा पत्त्यामुळे. माणूस घर बदलतो, लायसन्स बदलतो, मतदार नोंदणी मात्र जुन्या अपार्टमेंटवरच राहते. म्हणून पेन हातात देण्याआधी विचारा, “मतदार म्हणून नाव कुठल्या पत्त्यावर आहे?” खात्री नसेल तर फोनवर राज्याच्या मतदार शोधाच्या पानावर नाव घालून बघा, अर्धा मिनिट लागतो. नोंदणी जुनी असेल तर आधी ती बदलायला लावा आणि सही नंतर घ्या.

दुसरा प्रश्न काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा. एका पिटिशनच्या गठ्ठ्यावर एकाच काउंटीच्या मतदारांच्या सह्या हव्यात. कोलंबसशेजारच्या डब्लिनमध्ये तर हे फारच जपावं लागतं, कारण हे एकच शहर फ्रँकलिन, डेलावेअर आणि युनियन अशा 3 काउंट्यांत पसरलंय. शेजारीशेजारी राहणारी दोन मराठी कुटुंबंसुद्धा वेगवेगळ्या काउंटीत निघू शकतात. टेबलावर तीन क्लिपबोर्ड ठेवा, प्रत्येकावर काउंटीचं नाव जाड मार्करने लिहा. शिवाय 88पैकी निदान 44 काउंट्यांतून ठरलेल्या प्रमाणात सह्या लागतात. कोलंबस, क्लीव्हलंड, सिनसिनाटीत कितीही गर्दी असली तरी गावाकडच्या काउंट्यांत कुणीतरी गेलंच पाहिजे. गाडी असेल आणि शनिवार मोकळा असेल तर तिकडेच जा.

सही शाईने, आणि नोंदणीच्या वेळी केली होती तशीच. आपल्याकडे बँकेत एक सही, इथे घाईत दुसरी, असं पुष्कळांचं असतं. नोंदणी देवनागरी सहीने केली असेल तर इथेही तीच करायला सांगा. नवऱ्याने बायकोची सही करायची नाही, ती पार्किंगमध्ये गाडीत बसलेली असली तरी. तिला खाली बोलवा. प्रत्येक सही तुमच्या डोळ्यांदेखत झाली पाहिजे, कारण शेवटी तसं लिहून तुम्ही स्वतः सही करता आणि खोटं निघालं तर तो गुन्हा आहे. त्याच जागी एकूण सह्यांचा आकडा लिहायचा असतो. तो प्रत्यक्षापेक्षा कमी लिहिला गेला तर पूर्ण गठ्ठा बाद होतो. मी दोनदा मोजते, मग दुसऱ्या कुणाकडून मोजून घेते. एखादी सही चुकीची आहे हे कळलं तर आकडा लिहायच्या आधी ती सरळ रेघ मारून काढा. कायद्याचा पूर्ण मजकूर जोडलेला असतो, त्याची पानं सुटी करू नका. कुणी वाचायला मागितला तर निवांत वाचू द्या.

आता आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. एच-वनवर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांनी सही करू नये. सही नोंदणीकृत मतदाराचीच चालते आणि मतदार नागरिकच असतो. नागरिक नसताना तसं भासवलं तर इथलं राहणंच धोक्यात येतं. मैत्रीखातर आग्रह करू नका, “सिटिझन आहात ना?” हे स्पष्ट विचारा. राज्यात परवानगी मिळाली तरी केंद्राच्या कायद्यात गांजावर बंदीच आहे. वापर कबूल केला किंवा गांजाच्या दुकानात नोकरी केली तरी नागरिकत्वाचा अर्ज अडू शकतो. भारतात जाताना सामानात तर अजिबात नको, तिथे 1985चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा आहे.

बाकीचा रस्ता थोडक्यात: आधी 1,000 सह्या आणि सारांश अॅटर्नी जनरलकडे (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी), मग बॅलट बोर्ड (प्रस्तावाचा विषय एकच आहे ना हे बघणारं मंडळ), मग राज्यपालाच्या मागच्या निवडणुकीतल्या मतांच्या 3 टक्के सह्या. त्यानंतर तो कायदा मंजूर करायला विधिमंडळाला 4 महिने, आणि त्यांनी काही केलं नाही तर पुन्हा 3 टक्के सह्या. घटनादुरुस्तीला एकदम 10 टक्के लागतात. 2015ची गांजाची घटनादुरुस्ती मतदारांनी मोठ्या फरकाने पाडली होती, तिच्यात लागवडीचा हक्क मोजक्या 10 जागांच्या मालकांना मिळणार होता. मला साध्या कायद्याचा रस्ता बरा वाटतो, पण त्यात विधिमंडळ नंतर फेरफार करू शकतं. इश्यू 2 लागू व्हायच्या आदल्या दिवशी, 6 डिसेंबर 2023ला, विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाने, सिनेटने, तो बदलणारं विधेयक मंजूरसुद्धा केलं. खालच्या सभागृहाने, हाउसने, ते उचललं नाही, आणि दुकानांतली विक्री 6 ऑगस्ट 2024ला सुरू झाली. म्हणून मतदान झालं तरी स्वयंसेवकांची यादी फेकू नका. स्टेटहाउसमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीत, समितीपुढे सुनावणी लागली की कुणालाही जाऊन बोलता येतं. लेखी म्हणणं आधी पाठवा आणि आपल्या काउंटीचं नाव पहिल्याच ओळीत लिहा.