जादा पगाराची वसुली निघाली? संमतीपत्रावर सही करायची घाई नको

सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडून परत आलं, तेव्हा एका पानाला चिठ्ठी टाचलेली होती. लाल शाईत दोन ओळी: २००८ च्या पदोन्नतीची वेतननिश्चिती (म्हणजे बढतीनंतर पगार ठरवणं) चुकीची, जादा अदा झालेली रक्कम वसूल करून पुस्तक फेरसादर करावे. माझ्या निवृत्तीला अडीच महिने उरले होते. आठवड्याभरात आमच्या कार्यालयाने तक्ता काढला, एकूण १,७२,६४० रुपये. सोबत टाइप केलेलं संमतीपत्र: 'सदर रक्कम माझ्या उपदानातून वसूल करण्यास माझी हरकत नाही.' उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी. टेबलावरचा मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, सही करून टाका, नाहीतर पेन्शन केस अडकेल."

हे वाक्य मला पाठ होतं. इथे नाशिकमध्येच अकरा वर्षं मी आस्थापनेच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक कामाच्या, टेबलावर काढली आणि हेच वाक्य, याच आवाजात, दुसऱ्यांना ऐकवलं. त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूला काय चालतं ते सांगू शकते. लिपिकाला तुमच्या पैशात रस नसतो. त्याला पुस्तकावरचा आक्षेप निकाली काढायचा असतो, आणि तुमची सही हा त्यातला सर्वांत सोपा रस्ता. कायद्याने तुम्ही ते पैसे देणं लागता की नाही, हा प्रश्न त्या टेबलावर कुणी विचारलेलाच नसतो.

मी सही केली नाही. 'संमती नाही, आक्षेपाच्या व तक्त्याच्या प्रती मिळाव्यात' असं साध्या कागदावर लिहून आवक विभागात दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतला. पेन्शन अडकण्याचं म्हणाल, तर केस लांबली तर तात्पुरतं निवृत्तिवेतन देण्याची सोय पेन्शनच्या नियमांतच आहे. ते लेखी मागा. सही करावीच लागली, तर तिच्या वर 'हरकत राखून' एवढे दोन शब्द तरी लिहा.

आता चूक खरी आहे का, ते बघायचं. माझ्या बाबतीत खरी होती. १९८९ ला लिपिक म्हणून लागले, बारा वर्षांनी २००१ मध्ये वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळाली, तेव्हाच वेतननिश्चितीचा लाभ दिला गेला. २००८ मध्ये त्याच श्रेणीत प्रत्यक्ष पदोन्नती झाली आणि कार्यालयाने पुन्हा एक वेतनवाढ दिली. लाभ एकदाच मिळायचा असतो. ती वेतननिश्चिती मी केली नव्हती, ते टेबल तेव्हा माझ्याकडे नव्हतं. हा मुद्दा पुढे फार उपयोगी पडला.

इथे बहुतेकांचा घोळ होतो. वेतन दुरुस्त करणं ही एक गोष्ट, मागची वसुली ही दुसरी. चूक खरी असेल तर मूळ वेतन खाली येणार आणि त्यावर बसणारी पेन्शनही. त्यावर भांडत बसू नका. भांडायचं ते मागे दिलेले पैसे परत घेण्यावर. दोन्ही एकाच अर्जात कालवलं, की साहेब म्हणतात, 'यांना चुकीचं वेतनच हवंय,' आणि फाइल बंद. चूकच नसेल, तर मात्र आधी वेतननिश्चितीलाच हरकत घ्या. तो वेगळा अर्ज.

कागद गोळा करायला मी माहिती अधिकाराचा अर्ज केला. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टाबाहेर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प मिळतं, ते अर्जाला चिकटवायचं. 'माझ्या वसुलीबाबत माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. नेमकं मागा: सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत, पडताळणी पथकाचा आक्षेप, २००८ च्या वेतननिश्चितीचा आदेश व त्यावरची टिपणी, वसुलीचा महिनावार तक्ता, आणि जादा रक्कम परत करण्याचं मी दिलेलं कोणतंही वचनपत्र. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, तर पहिलं अपील.

तक्ता आला, की तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरा आणि हाताने मोजा. पत्रावरचा आकडा बघून हातपाय गाळू नका. माझा तक्ता पाच पानांचा होता. तिसऱ्या पानाची शेवटची ओळ मार्च २०१४, आणि चौथ्या पानाची पहिली ओळ पुन्हा मार्च २०१४. शिवाय २०१६ मध्ये आईच्या आजारपणात मी ४७ दिवस असाधारण रजेवर होते, त्या दिवसांचा पगारच मिळाला नव्हता, तरी त्यातही 'जादा अदायी' लावलेली. सगळं धरून तीन हजारांचाही फरक पडला नाही. पण तक्ता कुणी तपासलाच नव्हता, हे त्या दोन मार्चनी सिद्ध केलं. महागाई भत्त्याचे दर महिन्यागणिक ताडून बघा. चुका बहुधा जानेवारी आणि जुलैच्या ओळीत सापडतात, कारण दर तिथे बदलतो.

आता कायद्याचं. पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह, सर्वोच्च न्यायालय, १८ डिसेंबर २०१४. एवढी ओळ पाठ करा. जादा दिलेली रक्कम कधी वसूल करता येणार नाही, याचे पाच प्रसंग त्यात सांगितलेत. गट क आणि गट ड मधले कर्मचारी. निवृत्त झालेले, किंवा वसुलीच्या आदेशानंतर वर्षाच्या आत निवृत्त होणारे. आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ जादा पैसे दिले गेले असतील तर. वरच्या पदाचं काम चुकीने करायला लावून त्याचा पगार दिला असेल तर. आणि पाचवं, वसुली इतकी जाचक ठरत असेल, की मालकाच्या हक्कापेक्षा तिचा अन्याय जड होईल. मी वरिष्ठ लिपिक, म्हणजे गट क, निवृत्तीला अडीच महिने, आणि काळ चौदा वर्षांचा. पहिले तिन्ही प्रसंग माझे.

२ मे २०२२ ला, माझ्या निवृत्तीच्याच महिन्यात, थॉमस डॅनियल विरुद्ध केरळ राज्य हा निकाल आला. तो एका शिक्षकाच्या निवृत्तीनंतरच्या वसुलीचा. कर्मचाऱ्याने फसवलं नसेल, खोटी माहिती दिली नसेल, तर खात्याच्या चुकीचा भुर्दंड त्याच्यावर टाकता येत नाही, असं त्यात ठरलं. याची उलटी बाजूही लक्षात ठेवा: तुम्हीच चुकीचं प्रमाणपत्र दिलं असेल, तर यातलं काहीही कामाला येणार नाही.

कार्यालय एक हुकमाचं पान टाकतं, ते वचनपत्राचं. वेतन आयोगाचा विकल्प भरताना आपण सगळ्यांनी न वाचता सही केलेली असते, की जादा रक्कम निघाली तर परत करीन. २९ जुलै २०१६ च्या जगदेव सिंग निकालात अशा वचनपत्रामुळे वसुली कायम राहिली. पण तो कर्मचारी न्यायिक अधिकारी होता, आणि न्यायालयाने बाजूला ठेवला तो निवृत्तांचा, म्हणजे दुसरा प्रसंग. गट क चा पहिला प्रसंग वेगळा मांडता येतो. माझं वचनपत्र तर २००९ मधल्या सुधारित वेतनापुरतं होतं. चूक २००८ च्या पदोन्नतीतली. म्हणून म्हणते, वचनपत्राची प्रत हातात आल्याशिवाय निवेदन लिहू नका.

निवेदन दोन पानांपेक्षा मोठं नको. माझ्यातला गाभा असा होता:

'मी गट क मधील कर्मचारी आहे. २००८ ची वेतननिश्चिती कार्यालयाने केली असून त्यात माझ्याकडून कोणतीही माहिती दडवलेली नाही. वसुलीपूर्वी मला कारणे दाखवण्याची संधी देण्यात आलेली नाही. रफीक मसीह प्रकरणातील निकष १, २ व ३ मला लागू होतात. सबब वसुलीचा आदेश रद्द करून उपदानाची पूर्ण रक्कम अदा करावी.'

संधी देण्याचा मुद्दा हवेतला नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला १३४-अ हा नियम निवृत्ताकडून जादा रक्कम वसूल करण्याची मुभा देतो खरा, पण त्यातच आहे, की आधी म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावी. हप्त्यांनी कापायचं झालं, तरी पेन्शन किमान रकमेखाली जाता कामा नये. कार्यालय नियमाचं पहिलं वाक्य दाखवतं. तुम्ही खालची परंतुकं, म्हणजे 'परंतु'ने सुरू होणाऱ्या अटी, दाखवा.

निवेदन कार्यालयप्रमुखांना द्या, एक प्रत कोषागाराला. मग कॅलेंडरवर खूण करा. नकार आला, तर त्या तारखेपासून एक वर्षात महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जायचं. उत्तरच आलं नाही, तर सहा महिने थांबायचं आणि त्यानंतर एक वर्ष. दर महिन्याला स्मरणपत्र टाकत बसल्याने मुदत वाढत नाही. कित्येक जण 'साहेब बघतो म्हणालेत' यावर दोन-दोन वर्षं घालवतात. वसुली अजून सुरू झाली नसेल, तर अर्जातच अंतरिम स्थगिती मागा. जिल्हा परिषद, महापालिका इथले कर्मचारी मात्र न्यायाधिकरणाच्या कक्षेत येत नाहीत, त्यांना उच्च न्यायालयात रिट करावी लागते. शिक्षक मंडळींनी हे आधी वकिलाला विचारून घ्यावं.

माझ्या निवेदनाला उत्तर आलंच नाही. उपदानातून रक्कम कापली गेली. डिसेंबर सरल्यावर मुंबईला न्यायाधिकरणात अर्ज केला, पंचवटी एक्स्प्रेसने सहा फेऱ्या झाल्या. स्वतः उभं राहता येतं, पण मी वकील दिला. मला टिपणी लिहिता येते, युक्तिवाद नाही. वसुली रद्द झाली, रक्कम परत मिळाली. व्याज मागितलं होतं, ते नाही मिळालं. पेन्शन खालच्या वेतनावरच आहे, आणि ते बरोबर आहे.

आमच्या कार्यालयातल्या एका शिपाईमामांकडून ८६,००० रुपयांच्या संमतीपत्रावर सही घेतली होती. घेणारी मी. त्यांची वर्षाची मुदत केव्हाच उलटली आहे. विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, म्हणून मूळ अर्जासोबत विलंबमाफीचा वेगळा अर्ज जोडलाय आणि सही कशी घेतली गेली याचं माझं प्रतिज्ञापत्र. मामांना रफीक मसीह हे नाव लक्षात राहत नाही, ते 'आपला तो पंजाबवाला' म्हणतात. तारीख पुढच्या महिन्यात आहे, पंचवटीची दोन तिकिटं काढून ठेवलीत.