आधी ब्रेक ऑइल बदला: पुण्याहून ट्रॅकवर निघालेल्या नवख्यांसाठी

कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर पहिल्यांदा गाडी घेऊन गेलो, तेव्हा माझ्या स्विफ्टला सत्तर हजारांचं सामान लावलेलं होतं. फ्री-फ्लो सायलेन्सर, एअर फिल्टर, ईसीयू रिमॅप (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं), गाडी दोन बोटं खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा. ब्रेक ऑइल मात्र गाडी सेकंडहँड घेतली तेव्हाचंच. म्हणजे माझ्याकडे चार वर्षं, आणि आधीच्या मालकाकडे किती ते देव जाणे.

कारीचा ट्रॅक सुमारे दोन किलोमीटरचा. वळणं पाठोपाठ येतात, ब्रेकला दम घ्यायला वेळच मिळत नाही. पहिले तीन लॅप, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या, मी हवेत होतो. चौथ्याला पेडल जरा खाली गेल्यासारखं वाटलं, पण लक्ष दिलं नाही. पाचव्या लॅपला सरळ पट्ट्याच्या शेवटी पाय दाबला आणि पेडल ओल्या स्पंजासारखं तळाला टेकलं. पुन्हा मारला, पुन्हा मारला, तेव्हा कुठे थोडा ब्रेक लागला. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर गिअर ओढला, तोवर गाडी डांबर सोडून मातीत. कशावर आदळलो नाही, ही वाडवडिलांची पुण्याई. हळूहळू पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात तिथे, आलो तर पुढच्या चाकांतून वास येत होता. घाट उतरणाऱ्या भरलेल्या ट्रकच्या मागे अडकल्यावर येतो ना, अगदी तोच.

परत आल्यावर भोसरीतल्या मामांकडे गाडी नेली. मामा म्हणजे आमचे मिस्त्री. त्यांनी नळीतून ऑइल बाटलीत काढलं आणि उजेडात धरलं. कोऱ्या चहासारखं दिसत होतं.

"साहेब, सायलेन्सरला पैसे व्हते, आन् चारशे रुपयाच्या ऑइलला नव्हते व्हय?"

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे. मानकाप्रमाणे डॉट ३ चं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. ओल मुरल्यावर तीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि तुमचा पाय ब्रेकऐवजी वाफ दाबत बसतो. गावात हे कधी कळत नाही. १२० वरून ६० वर येताना ब्रेकला जी उष्णता गिळावी लागते, ती ६० वरून पूर्ण थांबण्याच्या तिप्पट असते, कारण हिशोब वेगाच्या वर्गाचा आहे. कर्वे रोडवर कितीही करकचून ब्रेक मारा, एका लॅपएवढे ते तापत नाहीत.

म्हणून नव्या पोरांना मी एकच क्रम सांगतो: ब्रेक, टायर, चालवणारा, आणि पैसे उरलेच तर इंजिन. कोणी ऐकत नाही. मीही ऐकलं नव्हतं.

ब्रेकचं काम स्वस्त आहे. चांगल्या कंपनीचं सीलबंद डॉट ४, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून नीट भरलेलं, आणि पुढे जास्त उष्णता सोसणारे पॅड. स्विफ्टला मागे ड्रम असतात, त्यांना फार काही करावं लागत नाही. नवे पॅड थेट ट्रॅकवर नेऊ नका. रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा ब्रेक लावून ते डिस्कवर बसवून घ्यायचे. आणि तापलेली गाडी पिटमध्ये आणून हँडब्रेक ओढायचा नाही, लायनर ड्रमला चिकटू शकतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. पहिल्या दिवशी हे मला शेजारच्या पिटमधल्या एका तमिळ आजोबांनी हातवारे करून शिकवलं. ते साठीतले असतील, आणि जुनी एस्टीम घेऊन आले होते. लॅप टाइममध्ये त्यांनी मला अलगद मागे टाकलं, हे वेगळं सांगायला नको.

टायरबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण इथे पैशापेक्षा डोळे जास्त लागतात. माझ्या गाडीला कंपनीचे १६५/८० आर१४ होते. उंच भिंतीचे, वळणावर लडबडणारे. मी १५ इंची चाकं आणि १८५/६५ चे टायर घातले. हे माप त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीच देत होती, त्यामुळे कुठे घासायचा प्रश्न नव्हता. खरी गंमत हवेच्या दाबात आहे. ट्रॅकवर टायर तापला की दाब सहा-आठ पीएसआय सहज चढतो. पेट्रोल पंपावर ३३ भरून गेलात तर तिसऱ्या लॅपला ४० च्या आसपास पोचता, आणि टायर मधल्या पट्ट्यावरच चालायला लागतो. कितीवर ठेवायचा ते कोणी सांगू शकत नाही, तुमच्या गाडीलाच विचारावं लागतं. विचारायचं कसं? शाळेतला खडू घ्या. टायरचा पट्टा संपून भिंत सुरू होते त्या खांद्यावर, बाहेरच्या बाजूला, आडवी रेघ ओढा. चार लॅप मारून या आणि खाली बसून बघा. रेघ भिंतीवर खूप खालपर्यंत पुसली गेली असेल तर हवा कमी आहे, टायर वळणावर लोळतोय. पट्ट्यावरचीही रेघ तशीच असेल तर हवा जास्त. खांद्याच्या कडेपर्यंतच पुसली गेली असेल तर जमलं. मी थंड २८ ने सुरुवात करतो आणि गरम ३५ च्या वर जाऊ देत नाही. पण हा माझ्या गाडीचा, माझ्या टायरचा आकडा, तो उचलून घेऊ नका. मोजायला स्वतःचा गेज ठेवा आणि मोजाल ते वहीत लिहा.

त्या खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा मी पुढे काढून टाकल्या. शॉकॲब्सॉर्बर कंपनीचेच होते, स्प्रिंग आखूड झाली की त्यांना खेळायला जागाच उरेना. कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, चाक चढलं की गाडी उडी मारायची. त्याऐवजी पुढे कॅम्बर बोल्ट टाकून चाकं वरून थोडी आत कलती केली आणि अलाइनमेंट करून घेतली. टायरची बाहेरची कड खायची ती थांबली.

रिमॅपची गोष्ट नावं न घेता सांगतो. पंधरा हॉर्सपॉवर वाढेल असं मला सांगितलं होतं. १.२ लिटरचं, टर्बो नसलेलं ८७ पीएसचं इंजिन. नुसता लॅपटॉप लावून त्यातून पंधरा कुठून निघणार, हे तेव्हा सुचलं नाही. डायनोवरचा (इंजिनाची ताकद मोजायचं यंत्र) आधीचा आणि नंतरचा कागद मागितला तर उत्तर आलं, "सर, चालवून बघा ना, फरक कळेल." कळला. ॲव्हरेज कमी झालं. असा कागद हातात देणार नसेल त्याला पैसे देऊ नका.

आता कायद्याचं. कंटाळवाणं आहे, पण वाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर जी गाडी नोंदली आहे तिच्यात कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे माझा तो सायलेन्सर रस्त्यावर बेकायदाच होता. मागची सीट काढून घरून निघालात तर आरसीवरची आसनसंख्याही जुळत नाही. मी सीट ट्रॅकवर पोचल्यावर काढतो आणि निघताना बसवतो, वीस मिनिटांचं काम आहे. रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर वाचवणारा आतला पाइपांचा सांगाडा, हाही रस्त्यासाठी नाही. हेल्मेटशिवाय रोज चालवायच्या गाडीत डोक्याशेजारी लोखंडी पाइप नको. केज, रेसिंग सीट आणि हार्नेस (शर्यतीचा अनेक टोकांचा बेल्ट) हे तिन्ही एकत्र शोभतात. नुसता दिसायला छान म्हणून चार टोकांचा बेल्ट लावण्यापेक्षा कंपनीची सीट आणि कंपनीचा बेल्ट बरा.

विम्याचे कागद काढा आणि 'वापरावरील मर्यादा' हा भाग वाचा. नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर काही मोडलं तर खिसा तुमचाच. बायकोला हे मी आधीच सांगितलं. ती म्हणाली, "मग मोडू नकोस." चर्चा संपली.

आणि मुळशी, ताम्हिणीकडच्या रस्त्यांवर पहाटे 'टेस्टिंग' करणाऱ्यांनी माझ्याकडे सल्ला मागायला येऊ नये. सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतीबद्दलचं कलम १८९ आहेच, पण मला भीती वळणापलीकडून येणाऱ्या दूधवाल्याची वाटते.

सुरुवात कुठून करायची? गाडीला हात लावण्याआधी दोन-तीन महिने गो-कार्टिंग करा. कार्टला सस्पेन्शन नसतं, चूक लगेच पाठीला कळते. ड्रॅगची, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीची, हौस असेल तर लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन होते. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, सरळ. तिथे मी आधी नुसता प्रेक्षक म्हणून गेलो आणि लोकांची बॉनेटं उघडी असताना खूप शिकलो. मोकळ्या मैदानावर शंकू मांडून होणारं ऑटोक्रॉस नवख्यांसाठी उत्तम, वेग कमी आणि मेंदूला काम जास्त. मग ट्रॅक डे, जिथे शर्यत नसते, स्वतःचं घड्याळ असतं. अधिकृत शर्यतीसाठी एफएमएससीआयचा परवाना लागतो. ही देशातली मोटारस्पोर्टची मान्यताप्राप्त संस्था. मला मोठ्या ट्रॅकसाठी दरवेळी दक्षिणेतच जावं लागलं: कारी, नाहीतर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैचा ३.७ किलोमीटरचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट. इंजिनिअरिंगच्या पोरांना बाहा किंवा फॉर्म्युला भारत या स्वतः गाडी बनवायच्या कॉलेज स्पर्धांमुळे ही दुनिया थोडी माहीत असते. खिशात पैसे नसतील तर मार्शल, म्हणजे ट्रॅकवर झेंडे दाखवणारा स्वयंसेवक, म्हणून नाव द्या. वळणावर उभं राहून दिवसभर ब्रेकिंग पॉइंट बघायला मिळतात, आणि झेंडे आपोआप पाठ होतात. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही. निळा म्हणजे मागे वेगवान गाडी आहे. लाल म्हणजे सेशन थांबलं. काळ्यावर नारिंगी गोल दिसला तर तुमच्या गाडीतच बिघाड आहे, मुकाट आत या.

स्क्रुटिनीत, म्हणजे ट्रॅकवर सोडण्याआधीच्या गाडीच्या तपासणीत, काय बघतात ते आदल्या रात्री स्वतःच बघा. बॅटरी हलते का, ऑइल कुठे गळतं का, ॲक्सिलरेटर सोडल्यावर पटकन परत येतो का, टो हुक जागेवर आहे का. पायातली मॅट, स्टेपनी, जॅक, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं बाहेर. माझ्या सीटखालून एकदा पाण्याची बाटली निघाली होती. ती पेडलखाली गेली असती तर वर सांगितलेली गोष्ट मी सांगायला नसतो. हेल्मेट कारसाठीचं, स्नेल एसए मानकाचं घ्या. त्याचं अस्तर आगीला दाद देत नाही, दुचाकीच्या हेल्मेटचं तसं नसतं. चाकाचे नट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळा, आणि पहिल्या सेशननंतर पुन्हा तपासा. मामा म्हणतात त्यांच्या हातातच टॉर्क रेंच आहे. मी तरी विकत घेतला.

पुणे ते कोइंबतूर बाराशे किलोमीटर धरा. मी पहाटे चारला निघतो, बेंगळुरूच्या अलीकडे मुक्काम करतो. जाताना त्याच गाडीने जायचं आणि त्याच गाडीने सोमवारी ऑफिसला पोचायचं, म्हणून सुटे पॅड, ब्रेक ऑइलची बाटली आणि पान्यांची पेटी डिक्कीत. दिवसभर एसी बंद, अंगावर जाड कपडे. ओआरएसची पाकिटं न्या.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा इंजिनात नवं काहीच नव्हतं. ब्रेक, टायर, खडू आणि शेजारच्या सीटवर एक सेशन बसून "अजून नको, अजून नको, आता" असं सांगणारा एक अनुभवी दादा. त्याचं सगळं म्हणणं एवढंच, की ब्रेक सरळ रेषेत संपव आणि नजर पुढच्या वळणावर ठेव. लॅप चार सेकंदांनी उतरला. एस्टीमवाले आजोबा तरीही पुढेच होते.

सायलेन्सर मागच्या महिन्यात विकला. घ्यायला कॉलेजातलं एक पोरगं आलं होतं, कानाला आवाज लावून खूश झालं. जाताजाता विचारलं, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंस?

"काका, ते पण बदलतात?"