पार्टीसाठी फ्रूटी स्पार्कलिंग वाइन पंच

पंचमध्ये सगळा खेळ बुडबुड्यांचा असतो आणि बुडबुडे टिकतात ते फक्त गारव्यात, कारण थंड द्रवात गॅस जास्त वेळ विरघळून राहतो, म्हणून वाइन, ज्यूस, अगदी भांडंसुद्धा ४-५ तास आधी फ्रीजमध्ये ठेवाच.

वाइन ब्रूट घ्या, म्हणजे कमी गोडवाली, कारण गोडी फळांतून येतेच. महागडी बाटली मात्र यात घालू नका हं, ज्यूसमध्ये तिची चव हरवते.

स्ट्रॉबेरी, संत्र्याच्या चकत्या, पीच जे मिळेल ते कापून २ चमचे साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस लावून तासभर मुरू द्या, छान रस सुटतो. त्यात २ कप संत्र्याचा ज्यूस ओता. बर्फ नकोच, वितळून पंच पाणचट होतो, त्याऐवजी द्राक्षं फ्रीझ करून टाका, भारी दिसतात पण!

७५० मिलीची बाटली अगदी शेवटी, पाहुणे आल्यावरच उघडायची, भांड्याच्या कडेने हळूहळू ओतायची आणि एकदाच हलकं ढवळायचं. ६-७ ग्लास होतात. न पिणाऱ्यांसाठी वाइनऐवजी थंड सोडा घालून वेगळा जग करा आणि त्यावर लेबल लावा.