औषध लागू पडत नाही? गोळी बदलून मागण्याआधी या चुका टाळा

थायरॉइडची गोळी वर्षभर चालू असूनही रिपोर्ट सुधारत नाही, बीपी दर खेपेला वरच निघते, साखर एक दिवस चढलेली तर दुसऱ्या दिवशी उतरलेली असते. अशा वेळी औषध लागू पडत नाही, असा निष्कर्ष घरात लगेच काढला जातो. मग डॉक्टर बदलले जातात, डोस वाढवून घेतला जातो किंवा गोळीच बंद केली जाते. प्रत्यक्षात अनेकदा औषध योग्य असते, डोसही योग्य असतो आणि गडबड ते घेण्याच्या पद्धतीत असते. मुंबईत ही गडबड अधिक होते, कारण येथील बहुतेकांच्या जेवणाच्या, झोपेच्या आणि औषधाच्या वेळा लोकलच्या वेळापत्रकावर ठरतात. पुढील गोष्टी तपासून पाहण्यासाठी सांगितल्या आहेत. त्यांच्या आधारे कोणीही आपल्या मनाने डोस कमी-जास्त करू नये.

थायरॉइडची गोळी आणि सकाळचा चहा

लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडची नेहमीची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, पाण्याशिवाय काही घ्यायचे नाही, हे बहुतेक रुग्णांना पाठ असते. मात्र बदलापूरहून किंवा विरारहून पहाटेची गाडी पकडणाऱ्या बाईला असा मोकळा तास मिळतोच कोठे? एका बर्नरवर चहाचे आधण आणि दुसऱ्यावर डब्याची भाजी चढवून ती गोळी तोंडात टाकते आणि दहा मिनिटांत चहा पिते. चहा, कॉफी, दूध किंवा नाश्ता गोळीच्या पाठोपाठ पोटात गेला की औषध आतड्यातून पुरेसे शोषले जात नाही. रविवारी गोळी नीट घेतली जाते आणि सोमवारपासून पुन्हा चहाबरोबर जाते, त्यामुळे शरीराला रोज वेगवेगळी मात्रा मिळत राहते आणि टीएसएचचा, म्हणजे रक्ततपासणीत थायरॉइडची स्थिती दाखवणारा आकडा वरखाली होतो. गोळीची बाटली आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवून जाग येताच, दात घासण्याआधीच गोळी घेणे हा यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे. तेही जमत नसेल, तर रात्री जेवणानंतर किमान तीन तासांनी गोळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. घरी परतून जेवायलाच दहा वाजणाऱ्यांना मात्र हा पर्याय सहसा सोयीचा नसतो.

कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीबरोबर एकाच मुठीत गिळणे ही त्याहून मोठी चूक आहे. हे दोन्ही घटक आतड्यात थायरॉइडच्या औषधाला बांधून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे. दुपारच्या डब्यानंतर कॅल्शियम घेतल्यास प्रश्न सुटतो. पँटोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी रोज चालू असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे, कारण पोटातील आम्ल कमी झाल्यावर थायरॉइडची गोळी कमी शोषली जाऊ शकते. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेणाऱ्यांनी रक्ततपासणीच्या किमान दोन दिवस आधी, डॉक्टरांना विचारून, ते थांबवावे. गोळी बरोबर चालू असतानाही बायोटिनमुळे रिपोर्टचे आकडे चुकीचे येऊ शकतात. डोस बदलल्यावर टीएसएच स्थिरावण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत तपासणी करून घाबरण्यात अर्थ नाही. शिवाय या गोळ्यांना ओल सोसत नाही, त्यामुळे मुंबईच्या पावसाळ्यात बाटली न्हाणीघरात किंवा शेगडीवरच्या फळीवर ठेवू नये आणि झाकण घट्ट लावावे.

बीपी मोजण्यातच चूक असेल तर

रेल्वेच्या पुलाचे जिने चढून, दवाखान्यात धापा टाकत शिरून, लगेच हात पुढे केल्यावर दिसणारा आकडा हा रुग्णाचे नेहमीचे बीपी नसतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, विडी-सिगारेट, तंबाखू आणि मिश्री टाळावी, लघवीला जाऊन यावे आणि पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. पट्टा उघड्या दंडावर आणि हात छातीच्या पातळीवर टेकवलेला हवा. मोजताना बोलू नये. जाड दंडाला लहान पट्टा गुंडाळल्यास आकडा वाढून येतो. घरी यंत्र असल्यास सात दिवस सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून ते आकडे वहीत लिहावेत. अशी वही समोर असली की डोस वाढवायचा की नाही, हे डॉक्टरांना नीट ठरवता येते.

मोजणे बरोबर असूनही बीपी चढलेलेच राहत असेल, तर बुडवलेल्या गोळ्यांचा हिशेब मांडावा. बीपीच्या उपचारात अनेकांना लघवी वाढवणारी गोळी दिलेली असते. दीड तासाच्या प्रवासात शौचालय नाही आणि स्थानकावरच्या शौचालयात जाण्याची सोय किंवा हिंमत नाही, म्हणून कितीतरी बायका कामाच्या दिवशी ती गोळी घेतच नाहीत आणि संकोचामुळे डॉक्टरांना तसे सांगतही नाहीत. हा त्यांचा हलगर्जीपणा मानणे मला अन्यायाचे वाटते, कारण दोष या शहरातील गैरसोयीचा आहे. पण गोळी गुपचूप बुडवण्यापेक्षा तिची वेळ बदलून मागावी. कामावर पोहोचल्यावर किंवा दुपारी ती घेता येते का, किंवा तिच्याऐवजी दुसरे औषध चालेल का, हे डॉक्टर सांगू शकतात. रात्री उशिरा घेतल्यास मात्र झोपमोड होते.

गुडघेदुखीसाठी स्वतःहून घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी बीपी वाढवते. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखे बीपीचे औषध आणि लघवीची गोळी चालू असताना ही वेदनाशामके घेतल्यास मूत्रपिंडाला गंभीर इजा होऊ शकते, हे तर प्रत्येक घरात माहीत असायला हवे. नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्यांनीही बीपी चढते. बीपीसाठी चांगले म्हणून आणलेल्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते, आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्यांच्या, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असणाऱ्यांच्या रक्तात ते धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. असे मीठ विचारल्याशिवाय सुरू करू नये. रामिप्रिलमुळे काहींना कोरडा खोकला होतो आणि खोकल्याच्या औषधांनी तो जात नाही. ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीमुळे घोट्यांना सूज येऊ शकते, आणि ती दिवसभर उभे राहिल्याची सूज समजून सोडून दिली जाते. दोन्ही तक्रारींवर पर्यायी औषधे आहेत, तेव्हा गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

साखर कधी चढते, कधी उतरते

मधुमेहाची ग्लिमेपिराइड ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, म्हणून ती जेवणाच्या अगदी आधी घ्यायची असते. ती घेऊन घराबाहेर पडले आणि गाड्या रखडल्यामुळे नाश्ता दोन तास लांबला, तर साखर उतरते. घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे आणि अचानक चिडचिड होणे ही त्याची लक्षणे आहेत. साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे; चॉकलेट किंवा पेढा उपयोगाचा नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता १०८ वर फोन करावा.

येथे एक गोष्ट फारशी कोणी समजावून सांगत नाही. आपल्याकडे ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज एकत्र असलेल्या गोळ्या अनेकांना दिल्या जातात. व्होग्लिबोज आतड्यात साखरेचे विघटन मंदावते, त्यामुळे अशा रुग्णाची साखर उतरली असताना घरातली नेहमीची साखर किंवा गूळ हवा तितक्या लवकर काम करत नाही. त्याला ग्लुकोज पावडरच द्यावी लागते. स्ट्रिपवर व्होग्लिबोज हे नाव दिसत असेल, तर ग्लुकोजचे पाकीट आजच आणून बॅगेत टाकावे.

उपवासाच्या दिवशीही साखर उतरण्याचा हाच धोका असतो. श्रावणातले सोमवार, एकादशी किंवा नवरात्र धरायचे असल्यास आधी डॉक्टरांकडून गोळ्यांचे वेळापत्रक बदलून घ्यावे. डॅपाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी तर हे टाळूच नये, कारण दीर्घ उपवासात या औषधामुळे रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्ले, वाढू शकतात, तेही साखर फारशी चढलेली नसताना. मळमळ, पोटदुखी आणि धाप ही त्याची चिन्हे असतात, आणि ती दिसल्यास रुग्णालय गाठावे.

साखर कारणाशिवाय चढत असेल, तर सांधेदुखीसाठी कोणाकडून आणलेल्या बिननावाच्या पुड्यांचा संशय घ्यावा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे आणि स्टेरॉइडने साखर चढते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी टोचण्याची जागा बोटांनी चाचपून पाहावी. रोज त्याच जागी टोचल्याने तेथे गाठ तयार होते आणि गाठीत टोचलेले इन्सुलिन नीट शोषले जात नाही. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटवून नाही, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. वापरातले पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या आत सुमारे चार आठवडे चालते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तापमान याच्या कितीतरी वर जाते, तेव्हा वीज नसेल तर ओलसर मातीच्या भांड्यात, कोरड्या पिशवीत गुंडाळून ठेवणे बरे.

कापलेली स्ट्रिप आणि दोनदा चाललेले औषध

चारच गोळ्या मागितल्यावर केमिस्ट स्ट्रिप कापून देतो आणि औषधाचे नाव, मुदत दुकानातल्या तुकड्यावर राहते. घरी दोन महिन्यांनी तो चंदेरी तुकडा सापडतो तेव्हा ती बीपीची गोळी होती की ॲसिडिटीची, हे कोणालाच सांगता येत नाही. नाव आणि मुदत असलेलाच तुकडा मागून घ्यावा.

महापालिका रुग्णालयातून मिळालेली टेल्मिसार्टन आणि खासगी डॉक्टरांनी लिहिलेली दुसऱ्या कंपनीची टेल्मिसार्टन रंगाने, आकाराने आणि नावाने इतकी वेगळी दिसते की रुग्ण दोन्ही घेत राहतो आणि चक्कर येऊन पडतो. ब्रँडचे नाव वेगळे असले तरी स्ट्रिपवर मूळ औषधाचे नाव छापलेले असते, ते जुळवून पाहावे. मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत डॉक्टरांबरोबर मिळणारी मिनिटे थोडी असतात. म्हणून फाइलबरोबर चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिप्स, त्यात आयुर्वेदिक काढे आणि केसांच्या गोळ्याही, एका पिशवीत भरून न्याव्यात, आणि कोणती गोळी आठवड्यातून किती वेळा बुडते, हे विचारण्याची वाट न पाहता सांगावे.