मे महिना, स्लॅबची खोली आणि गेमिंगचा कॉम्प्युटर

माझी खोली परभणीत, वरच्या मजल्यावर, पश्चिमेला खिडकी. मे महिन्यात पारा 43 च्या आसपास. सूर्य बुडाला तरी दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत खाली आग ओकतो. अशात मी गेम लावला की आई दारातूनच विचारायची, "खोलीत चूल पेटवली का रे?"

आईचं चूक नव्हतं. पण मी आधी भलतंच केलं. कॅबिनेटला अजून तीन पंखे बसवले. प्रोसेसर गार झाला, मी मात्र तसाच घामाघूम. पंखा उष्णता संपवत नाही हो, कॅबिनेटमधली काढून तुमच्या मांडीवर आणून टाकतो. कॉम्प्युटर जेवढे वॅट ओढतो, तेवढी सगळी उष्णता शेवटी खोलीतच येते. प्लगला मीटर लावून पाहिलं: मॉनिटर धरून गेममध्ये 300 वॅट. म्हणजे 60 वॅटचे पाच जुने पिवळे बल्ब. आमच्याकडं कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला एखाददुसरा बल्ब पुरतो!

तेव्हा पहिलं काम, उष्णता तयारच कमी करायची. माझं ग्राफिक्स कार्ड (गेमची चित्रं तयार करणारा भाग) आरटीएक्स 3060, कमाल 170 वॅटचं. आफ्टरबर्नर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट, म्हणजे कार्डानं किती वीज ओढायची ती मर्यादा, 70 टक्क्यांवर आणलं आणि गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, 60 वर बांधून टाकल्या. मीटर 200 च्या खाली आला. खेळताना फरक? मला तरी जाणवला नाही. मित्र म्हणतो 144 शिवाय मजा नाही. त्याच्या खोलीत एसी आहे, त्याला बोलायला काय जातंय.

दुसरं काम, कॅबिनेट खोलीबाहेर काढणं. माझ्या टेबलामागं जिन्याचा टप्पा आहे. भिंतीला भोक पाडून पाच मीटरची एचडीएमआय आणि यूएसबीची केबल आत घेतली, कॅबिनेट टप्प्यावर ठेवलं. सगळ्यात जास्त फरक याच उपायानं पडला, आणि आवाजही गेला. फक्त खाली वीट किंवा स्टूल ठेवा, आणि भोक चिंधीनं नीट बुजवा. मी बुजवलं नव्हतं, तर उंदरानं माऊसची वायर कुरतडली. (हसू नका.) धुळीसाठी दर पंधरा दिवसांनी जाळी झटका.

आता स्लॅब. आजीचं गावाकडचं घर माळवदाचं, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. तिथं भर दुपारी पंख्याशिवाय झोप लागते. आपल्या नशिबी सिमेंट, तर निदान उन्हाळा लागायच्या आत वर चुन्याचे दोन हात मारा. जमलं तर दोन फूट उंचीवर हिरवी शेडनेट बांधा. खिडकी सकाळी नऊलाच बंद करा, पडदा ओढा; बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की मगच उघडा.

कूलरबद्दल मात्र नीट सांगतो, कारण निम्मे लोक तो चुकीचा लावतात. खोलीच्या आत ठेवून दार-खिडकी बंद केली की तीच ती ओली हवा फिरत राहते आणि तासाभरात अंग चिकट होतं. कूलर खिडकीत, पाठ बाहेर. आणि समोरचं दार चार बोटं उघडं. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवीच. आपल्याकडं उन्हाळ्यात हवा कोरडी असते म्हणून हे जमतं, मुंबईकराला सांगू नका. कॅबिनेट आत ठेवलेलं असेल तर झोताच्या समोर ठेवू नका. तुषार आत गेले तर बोअरच्या पाण्यातला क्षार पार्टवर पांढरा बसतो. त्याच क्षारानं कूलरचं गवतही दगडासारखं होतं, ते दरवर्षी बदला. टँकरचं विकतचं पाणी असेल तर कूलर दिवसभर नको, खेळायच्या वेळेपुरताच.

आणि पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढा. अर्थिंग तपासून घ्या. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, यात हलगर्जीपणा नको.

मृगाचा पाऊस लागला की पंप बंद करा. दमट हवेत पाण्याचा काही उपयोग नाही. तेव्हा नुसता कूलरचा पंखा आणि उघडं दार, बस.