वाय-फायचा पासवर्ड विसरलात? ‘फरगेट’वर बोट ठेवण्याआधी या चुका टाळा

घरातला लॅपटॉप उघडला की वाय-फाय आपोआप जोडलं जातं. म्हणजेच पासवर्ड त्या लॅपटॉपमध्ये साठवलेला आहे. विंडोज प्रत्येक नेटवर्कचं एक प्रोफाइल करतं, पासवर्ड त्यात कुलूपबंद ठेवतं आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने मागितला की दाखवतंही. काम दोन मिनिटांचं. तरी नवा फोन आला, टीव्ही आला किंवा सुट्टीला भाचेमंडळी आली की या दोन मिनिटांचा दोन दिवस खोळंबा होतो, कारण असलेला पासवर्ड वाचायचा सोडून लोक तो पुसायलाच निघतात.

‘फरगेट’ म्हणजे ‘फरगॉट पासवर्ड’ नव्हे

सगळ्यात जास्त घरं बुडतात ती इथे. बँकेच्या किंवा ईमेलच्या पानावर ‘फरगॉट पासवर्ड’ असतं. ते दाबलं की ओटीपी येतो आणि नवा पासवर्ड ठेवता येतो. ही सवय बोटांना इतकी लागलेली असते की वाय-फायच्या नावावर राइट क्लिक करून ‘फरगेट’ दिसलं की माणूस हरखतो. पण तिथे विसरलेले तुम्ही नसता. तुम्ही कॉम्प्युटरला हुकूम देत असता की हे नेटवर्क विसर. तो इमानदारीत विसरतो. प्रोफाइल पुसलं जातं, त्याबरोबर पासवर्डही जातो, आणि तो रिसायकल बिनमध्येही सापडत नाही.

मॅकवर तर आणखी पंचाईत. आयक्लाउड कीचेन, म्हणजे अ‍ॅपलच्या उपकरणांत पासवर्ड वाटून ठेवणारी सोय, चालू असेल तर एका मॅकवर ‘फरगेट’ केलेलं नेटवर्क त्याच खात्याच्या आयफोनवरून आणि आयपॅडवरूनही निघून जातं. एका क्लिकमध्ये घरातले तीन साक्षीदार गप्प.

‘नेटवर्क रीसेट’ हे बटण याचंच थोरलं भावंड. ते साठवलेली सगळी वाय-फाय नेटवर्क पुसून टाकतं. इंटरनेट मंद चालतंय म्हणून ते दाबायचा सल्ला व्हिडिओंमधून सर्रास मिळतो. पासवर्ड माहीत नसताना तो पाळू नका.

‘फरगेट’ दाबून झालंच असेल तर त्या कॉम्प्युटरवर शोधाशोध थांबवा आणि घरात अजून जोडलेलं दुसरं काय आहे ते बघा. अँड्रॉइड १० किंवा पुढच्या आवृत्तीच्या फोनवर वाय-फाय सेटिंग्जमध्ये त्या नेटवर्कचं ‘शेअर’ दाबलं, की बोटाचा ठसा किंवा पिन मागून क्यूआर कोड येतो. बऱ्याच फोनांवर कोडखालीच पासवर्ड छापलेला असतो. आयफोनवर आयओएस १६ पासून वाय-फायच्या नावाशेजारच्या ‘आय’ चिन्हात पासवर्ड दिसतो.

कॉम्प्युटरमधून वाचायचा कसा

विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘सेटिंग्ज’, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, ‘वाय-फाय’, मग आपल्या नेटवर्कचे ‘प्रॉपर्टीज’. खाली ‘व्ह्यू वाय-फाय सिक्युरिटी की’ असं लिहिलेलं असतं, त्यापुढचं ‘व्ह्यू’ दाबा. विंडोज १० मध्ये ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’ उघडून निळ्या अक्षरातल्या वाय-फायच्या नावावर क्लिक करा. ‘वायरलेस प्रॉपर्टीज’मधल्या ‘सिक्युरिटी’ टॅबवर ‘शो कॅरेक्टर्स’ची चौकट आहे. तिथे खूण केली की ठिपक्यांच्या जागी अक्षरं येतात. मात्र विंडोज १० चा हा रस्ता आत्ता जोडलेल्या नेटवर्कपुरताच.

घरापासून लांब असाल किंवा राउटर बंद असेल तर कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधा, राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा आणि इंग्रजी अक्षरांत टाइप करा: नेटएसएच डब्ल्यूलॅन शो प्रोफाइल्स. पहिला शब्द एन-ई-टी-एस-एच असा सलग पाच अक्षरांचा, दुसरा डब्ल्यू-एल-ए-एन. साठवलेल्या नेटवर्कांची यादी येईल. त्यातलं आपलं नाव जसंच्या तसं घेऊन दुसरी ओळ: नेटएसएच डब्ल्यूलॅन शो प्रोफाइल नेम="घरचं नाव" की=क्लिअर. ‘की’ म्हणजे के-ई-वाय. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला मोकळी जागा सोडू नका. उत्तरात ‘सिक्युरिटी सेटिंग्ज’खाली ‘की कंटेंट’ अशी ओळ असते. तिच्यापुढे जे आहे तोच पासवर्ड.

इथे एक गंमत नेहमी होते. ‘की कंटेंट’च्या वरच्याच ओळीत ‘सिक्युरिटी की : प्रेझेंट’ असं येतं. त्याचा अर्थ एवढाच की पासवर्ड साठवलेला आहे. लोक मात्र प्रेझेंट हाच पासवर्ड समजून फोनमध्ये टाइप करत बसतात आणि ‘कनेक्ट’ बटण उजळत कसं नाही म्हणून फोनला शिव्या घालतात. बटण उजळणारही नाही. घरगुती वाय-फायचा पासवर्ड कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा असतो. इंग्रजीत प्रेझेंटची अक्षरं होतात सात.

‘प्रोफाइल सापडलं नाही’ असं उत्तर आलं तर कमांडला दोष देऊ नका. बहुतेक वेळा नावात मोकळी जागा असते आणि अवतरणचिन्हं राहिलेली असतात, किंवा कमांड व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवलेली असते आणि तिच्यातली अवतरणचिन्हं वळणदार असतात. कमांड प्रॉम्प्टला सरळ उभी चिन्हंच कळतात. कधी राउटरच्या नावाच्या शेवटी एक न दिसणारी स्पेस असते. आपल्या नेटवर्कचं प्रोफाइल नावापुढे २ लागून बसलेलं असण्याचीही शक्यता आहे. म्हणून नाव आठवणीने टाइप करू नका, वरच्या यादीतून माउसने निवडून एंटर दाबा, कॉपी होतं.

‘की कंटेंट’ची ओळच नसेल किंवा तिथे काहीतरी अगम्य येत असेल तर खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे हमखास होतं. तिथे खटपट करू नये, घरचा दुसरा कॉम्प्युटर घ्यावा. ‘वायरलेस इंटरफेस नाही’ असा निरोप आला तर त्या डेस्कटॉपला वाय-फाय कार्डच नाही. तो केबलने जोडलेला आहे, पासवर्डशी त्याचा कधी संबंधच आलेला नाही.

मॅकवर व्हेंच्युरापासून पुढे ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधल्या वाय-फायमध्ये नावाशेजारच्या तीन टिंबांत ‘कॉपी पासवर्ड’ आहे. जुन्या मॅकवर ‘कीचेन अ‍ॅक्सेस’मध्ये नाव शोधून ‘शो पासवर्ड’. तिथे जो पासवर्ड विचारतात तो मॅकच्या अ‍ॅडमिनचा, वाय-फायचा नव्हे. उबुंटूवाल्यांसाठी टर्मिनलमध्ये एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय शो-पासवर्ड ही एक ओळ पुरते, वर क्यूआर कोडही मिळतो.

राउटरच्या पाठीतलं भोक

आता दुसरी लाडकी चूक. राउटरच्या मागे सुईच्या टोकाएवढं भोक असतं, त्यात रीसेटचं बटण. टाचणी घालून दहा सेकंद दाबलं की राउटर कारखान्यातून आला तसा होतो. ‘पासवर्ड विसरलात? राउटर रीसेट करा’ हा सल्ला देणाऱ्याला फक्त पहिली पाच मिनिटं माहीत असतात. पुढचं घरोघरी साधारण असं घडतं.

रविवारची संध्याकाळ. टाचणी लागते, दिवे विझून पुन्हा लागतात. राउटरखालच्या स्टिकरवरचं नाव फोनवर दिसतं, स्टिकरवरचा पासवर्ड चालतो. सगळे खूश. मग कळतं की वाय-फाय आहे, पण इंटरनेट नाही. गल्लीतल्या केबलवाल्याकडून घेतलेल्या अनेक जोडण्यांमध्ये राउटरच्या आत पीपीपीओईचं, म्हणजे राउटरने कंपनीकडे लॉगिन करायचं, युजरनेम आणि पासवर्ड भरलेले असतात, काही ठिकाणी कंपनीच्या जाळ्यातला मार्ग ठरवणारा एक व्हीलॅन क्रमांकही. रीसेटने तेही गेले. ते ज्या मुलाने जोडणी करताना भरले त्याने कधी कुणाला सांगितलेले नसतात, आणि रविवारी त्याचा फोन लागत नाही. मोठ्या कंपन्यांच्या फायबर राउटरमध्ये ही माहिती बहुधा कंपनीकडून परत आपोआप उतरते, पण आपला राउटर कुठल्या जातीचा हे टाचणी घालण्याआधी बघायचं असतं.

सोमवारी इंटरनेट येतं. तोवर प्रिंटर, टीव्ही, दाराचा कॅमेरा, गिझरचा स्मार्ट प्लग हे सगळे जुन्याच नावाच्या वाय-फायची वाट बघत असतात. एकेकाला नव्याने जोडायचं. टीव्हीच्या रिमोटने बारा अक्षरी पासवर्ड टाइप करून बघा, मग रीसेटची किंमत कळेल.

म्हणून रीसेट अटळ असला तरी आधी कॉम्प्युटरमधून जुना पासवर्ड काढून ठेवा. रीसेटनंतर राउटरला तेच नाव, तोच पासवर्ड आणि तोच सुरक्षा प्रकार दिला, लहानमोठी अक्षरं सांभाळली, की घरातली जवळपास सगळी उपकरणं हात न लावता परत जोडली जातात. पीपीपीओईची माहितीही ऑपरेटरकडून लेखी मागून घ्या. ती तुमच्या जोडणीची आहे, मागायला लाजायचं कारण नाही.

बहुतेकदा रीसेटची गरजच नसते. लॅनची केबल राउटरच्या लॅन पोर्टमधून कॉम्प्युटरला लावा, पासवर्ड न विचारता जोडणी होते. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाइप केल्यावर ‘डिफॉल्ट गेटवे’पुढे जो आकडा येतो तो राउटरचा पत्ता. १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हे नेहमीचे, जिओफायबरचा १९२.१६८.२९.१. आकडा पाठ करू नका, स्क्रीनवर येईल तोच घ्या. तो ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत टाका, सर्चमध्ये नव्हे. लॉगिन करून ‘वायरलेस’ किंवा ‘डब्ल्यूलॅन’मधल्या ‘सिक्युरिटी’त जा, डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केलं की पासवर्ड दिसतो.

या पानाचं लॉगिन आणि वाय-फायचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात चार पासवर्ड असतात: कॉम्प्युटरचा, वाय-फायचा, राउटरच्या पानाचा आणि कंपनीच्या खात्याचा. लोक चारही एकमेकांच्या जागी घालून बघतात. काही राउटर तीन-चार चुकीच्या प्रयत्नांनंतर थोडा वेळ दार बंद करतात. घाई करणारा तेव्हा आणखी जोरात एंटर दाबतो.

किरकोळ वाटणाऱ्या, पण रोजच्या

स्टिकरवरच आंधळा विश्वास. स्टिकरवर असतो तो कारखान्याचा पासवर्ड. जोडणीच्या दिवशी कुणी तो बदलला असेल तर स्टिकर निव्वळ शोभेचा.

पासवर्ड सापडला, तरी फोन घेत नाही. आधी शून्य आणि ओ, एक आणि लहान एल तपासा. नोटपॅडमध्ये चिकटवून कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून अक्षरं मोठी करा, कन्सोलास फाँटमध्ये शून्याच्या पोटात तिरपी रेघ असते. तरी जमलं नाही तर कॉम्प्युटर खरंच याच वाय-फायवर चालतोय का बघा. लॅन केबल लावलेल्या लॅपटॉपमध्ये दोन वर्षांपूर्वीचा जुना पासवर्ड पडून असू शकतो.

२.४ आणि ५ गिगाहर्ट्झची दोन नावं असतील तर त्यांचे पासवर्डही वेगळे असू शकतात. ज्याचा काढला त्यालाच लावा.

प्रोफाइल एक्स्पोर्ट करून एक्सएमएल फाइलमधून पासवर्ड उचलणं. चालतं, पण पासवर्डमध्ये अँडचं चिन्ह असेल तर त्या फाइलीत त्याच्यापुढे ए, एम, पी आणि अर्धविराम येतात. ते पासवर्डचा भाग नाहीत. शिवाय की=क्लिअर लावून काढलेल्या फाइलीत पासवर्ड उघडा असतो. काम झाल्यावर ती पुसा, पेन ड्राइव्हवर फिरवू नका.

डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडून देणारं, बटण विसरणं. घरात पासवर्ड माहीत असलेलं एकही उपकरण उरलं नसेल आणि राउटरवर हे बटण असेल, तर विंडोज पासवर्ड विचारत असताना ते दाबा. लॅपटॉप जोडला गेला की वरचीच कमांड चालवा, पासवर्ड हाती येतो. कधी तो ६४ आकडी-अक्षरी लांबलचक येतो. तेव्हा राउटरच्या पानावर जाऊन वाचावा. फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा प्रकारावर चालणाऱ्या राउटरवर हा उपाय नाही. आणि डब्ल्यूपीएसचा पिन प्रकार, म्हणजे बटणाऐवजी आकडे टाकून जोडायचा, बंदच ठेवा, त्याची कमजोरी २०११ पासून जगजाहीर आहे.

‘वाय-फाय पासवर्ड हॅकर’ नावाची सॉफ्टवेअर. स्वतःच्या कॉम्प्युटरमधला पासवर्ड वाचायला विंडोज पुरेसं आहे. अँटिव्हायरस बंद करून चालवा असं सांगणारी फाइल तुमचा पासवर्ड शोधायला आलेली नसते, न्यायला आलेली असते. शेजाऱ्याच्या वाय-फायवर असला प्रयोग केला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कंटाळून पासवर्ड एकपासून आठपर्यंत करून टाकणं. यावर बोलण्यात अर्थ नाही.

कंपनीच्या अ‍ॅपमधून नवा पासवर्ड ठेवणं सोपं आहे, पण तो ‘बदलणं’ आहे, ‘काढणं’ नव्हे. बदलला की घरातलं प्रत्येक उपकरण पुन्हा जोडावं लागतं. जुना वाचता येत असताना हा उद्योग कशाला?

सापडलेल्या पासवर्डाचं काय करायचं? ढीगभर अ‍ॅप आहेत, पण माझी पसंती कागदाला. वाय-फायचं नाव, पासवर्ड, राउटरचा पत्ता, त्याचं लॉगिन आणि पीपीपीओईची माहिती अशा पाच ओळी ठळक अक्षरांत लिहून तो कागद वीजबिलांच्या फाइलीत ठेवावा. राउटरवर चिकटवू नये, दारात येणाऱ्या प्रत्येकाला तो दिसतो. पासवर्ड बदलला तर जुनी ओळ खोडून शेजारी तारीख टाकावी, म्हणजे लॅपटॉपमधला पासवर्ड जुना की कागदावरचा, हा वाद राहत नाही.